डासांच्या हयातीचा दाखला

आमच्या घरात डास आहेत, हे सिद्ध करायला मला सतरा दिवस लागले. त्यातले पहिले तीन दिवस नुसत्या शेजाऱ्यांवर खर्च झाले. उन्हाळ्यात डासांविषयी बोललं की समोरचा माणूस लगेच बाही वर करून स्वतःचा दंड दाखवतो आणि दोन अनोळखी माणसांत क्षणात जिव्हाळा निर्माण होतो. तेच ऐन थंडीत, गळ्याला मफलर गुंडाळून बोललं की समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बायकोकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "झोप वगैरे नीट लागते ना?"

एरवी चार डासांसाठी मी एवढं मनावर घेतलं नसतं. मी मुळात सोशिक माणूस आहे. बायकोचं याबाबत वेगळं मत आहे, पण हकिकत मी सांगतो आहे. प्रश्न बाबांच्या डोळ्याचा होता.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "तीन आठवडे डोक्याला हिसका नको, वाकणं नको, जोरात खोकणं नको आणि चेहऱ्याला हात तर अजिबात नको." बाबांनी सगळं कबूल केलं. ते एकतीस वर्षं शाळेत व्यायामशिक्षक होते, त्यामुळे शिस्त त्यांना कळते. त्यांच्या उजव्या हाताला मात्र कळत नाही. येणारा चेंडू त्यांच्या डोळ्यांच्या आधी त्या हाताला दिसत आला आहे. घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी ते हीटरजवळ खुर्चीत बसले, एक डास त्यांच्या उजव्या गालावर उतरला, आणि पुढचं आम्हाला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. डोळ्यावरची प्लास्टिकची जाळीदार वाटी उडून पलंगाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "नशीब समजा, लेन्स जागेवर आहे. पुन्हा असं झालं आणि ती सरकली, तर परत टेबलावर घ्यावं लागेल. या वयात दुसऱ्यांदा किती दिसेल, ते मी आत्ता सांगू शकत नाही."

 येताना गाडीत बाबा स्वतःचा उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाले, "आपोआप जातो रे. मी पाठवत नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते झोपेपर्यंत बाबांचा उजवा हात धरून बसणं, हे आमच्या घरातलं एक काम झालं. मी आणि बायको आळीपाळीने धरायचो. बाबांना ते आवडलं नाही. "मी काय रस्ता ओलांडतोय?" ते म्हणाले. शिवाय ज्याने हात धरला आहे त्याचाही एक हात अडकतो, आणि डासांना हे दुसऱ्याच दिवशी समजलं. ते मलाच चावू लागले.

आमच्या खालच्या मजल्यावर मेडिकलवाले काका राहतात. त्यांनी पस्तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं आणि आता निवृत्तीनंतर ते औषधांऐवजी नुसती माहिती देतात. मी त्यांच्याकडे गेलो.

"हिवाळ्यात डास नसतात," ते म्हणाले. "चिलटं असतील."

"काका, चावतात."

"चावत असतील तर पिसवा असतील."

"उडतात."

काकांनी डोळे मिटून विचार केला. "उडणारी पिसू मी पाहिलेली नाही," ते म्हणाले, "पण जग फार मोठं आहे."

तरीही त्यांनी उपाय सांगितले. माहिती ते कुणाला नाकारत नाहीत. पहिला उपाय पंख्याचा. पंखा पाचवर ठेवला की डासाला स्थिर उडता येत नाही. ते खरं निघालं, पण त्या थंडीत पंख्याखाली आम्हालाही स्थिर बसता येईना, आणि बाबांना शिंका येऊ लागल्या. शिंक ही डॉक्टरीणबाईंच्या यादीत नव्हती, पण ती हिसक्यातच मोडते असं बायकोने ठरवलं. दुसरा उपाय धुराचा. धुराने बाबांना खोकला आला, म्हणून धूर बंद केला, आणि समोरच्या बिऱ्हाडाने आग विझवणाऱ्यांना फोन केला होता तो मोठ्या मिनतवारीने मागे घ्यायला लावला. तिसरा उपाय मच्छरदाणीचा. बाबांना आत बसवलं, चारही बाजूंनी कडा गादीखाली खोचल्या, आणि मग आतून बाबांचा शांत आवाज आला, "अरे, तीन माझ्याबरोबर आलेत."

चौथ्या दिवशी मी ऑफिसला अर्धी रजा टाकून पालिकेच्या कीटक नियंत्रण विभागात गेलो.

इथे माझ्या नोकरीविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. पुराव्याशिवाय आमच्या टेबलावरून काहीही पुढे सरकत नाही. एका छत्रीच्या दुकानदाराचा माल पुरात भिजला, तेव्हा त्या छत्र्या पुराच्या आधी कोरड्या होत्या याचा पुरावा मी मागितला होता. आमच्या साहेबांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती. सांगायचा मुद्दा असा, की मी खिडकीच्या आतला माणूस आहे. खिडकीच्या बाहेर कसं उभं राहायचं असतं, याचा मला सराव नव्हता.

खिडकीवर एक बाई होत्या. शांत, नीटनेटक्या, सगळं ऐकून घेणाऱ्या.

"डासांचं रजिस्टर ऑक्टोबरअखेर बंद होतं," त्या म्हणाल्या. "ते मार्चमध्ये उघडेल. आता 'इतर कीटक' चालू आहे. त्यात घालू का?"

"पण डास आहेत ते."

"मग तसं सिद्ध करावं लागेल. पाच जिवंत नमुने आणा. खात्री झाली की खास बाब म्हणून रजिस्टर उघडता येतं."

"मेलेले आणले तर? घरी पुष्कळ आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, मेलेला डास कधी मेला हे कसं कळणार? ऑक्टोबरातला असला तर?"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला त्या बाईंविषयी आदर वाटला. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा बिनतोड प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मी त्यांना नमस्कार करून परत आलो.

घरी येऊन मी जाहीर केलं, की यापुढे या घरात डास मारायचा नाही. बाबा म्हणाले, "तेच तर गेले चार दिवस मला सांगताय." मी म्हटलं, "आता कारण वेगळं आहे."

जिवंत डास पकडणं ही काय चीज आहे, हे मारणाऱ्याला कधी कळायचं नाही. मारताना तुम्ही चुकलात तर डास वाचतो, एवढंच. पकडताना तुम्ही चुकलात तर डास मरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या संध्याकाळी मी पेला आणि पोस्टकार्ड घेऊन भिंतीभिंतीने फिरलो. निष्पन्न काय, तर दोन पेले फुटले. मग बायकोने सूत्रं हातात घेतली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि वस्तू वाया गेलेल्या तिला खपत नाहीत. तिने प्रयोगशाळेतून काचेची एक नळी आणली, तिला रबरी नळी जोडली आणि सांगितलं, "काचेचं टोक डासावर धरायचं, रबरी टोक तोंडात धरायचं आणि हलकेच ओढायचं. डास नळीत येतो. मध्ये कापडाचा तुकडा लावायचाय, तो मी आणते. तोवर थांबा."

मी थांबलो नाही. पडद्यावर एक इतका सोयीस्कर बसला होता, की मी काचेचं टोक त्याच्यावर धरलं आणि हलकेच ओढलं.

बायको कापड घेऊन आली तेव्हा मी खुर्चीत बसून पाणी पीत होतो.

"मिळाला का?" तिने विचारलं.

"मिळाला होता," मी म्हणालो.

बाबांनी एका डोळ्याने सगळं पाहिलं होतं. हसणं हिसक्यात मोडतं की नाही, असं त्यांनी सूनबाईंना विचारलं. मोडतं, असं तिने सांगितल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले.

तीन दिवसांत पाच डास जमले. जॅमच्या बाटलीत सोडून तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि सकाळच्या बसने मी पालिकेत पोचलो. बाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. पाचही जण तळाशी पाय वर करून पडले होते.

"झोपलेत का?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यांनी पेनाने काचेवर टकटक केली, थोडं थांबल्या आणि बाटली माझ्याकडे सरकवली. "थंडी लागली असेल. गुंडाळून आणायचे."

म्हणून दुसऱ्या खेपेला मी डास गुंडाळून नेले. बाटलीला बाबांचा लोकरी मोजा घातला, मोज्यावर गरम पाण्याची पिशवी, पिशवीवर माझा मफलर, आणि हे सगळं कोटाच्या आत छातीशी. बसमध्ये एका आजींनी मला उठून जागा दिली. "लहान आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

बाईंनी मोजा खाली करून पाहिला. पाचही हलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "छान आणलेत," त्या म्हणाल्या. "पण नमुने तपासणारे साहेब सोमवारपर्यंत रजेवर आहेत. तोवर सांभाळा."

आता पाच डास चार दिवस सांभाळायचे म्हणजे त्यांना खायला घालणं आलं. बायकोने कापसाचा बोळा साखरेच्या पाण्यात भिजवून बाटलीच्या जाळीवर ठेवला. "एवढ्यावर भागतं त्यांचं," ती म्हणाली. "आणि हे सगळं मी फक्त बाबांच्या डोळ्यासाठी करतेय, हे लक्षात ठेवा." घरात सगळ्यात उबदार जागा बाबांची खोली, म्हणून बाटली हीटरशेजारी स्टुलावर गेली.

आणि इथे एक गोष्ट घडली, जी आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. बाबा दिवसभर रिकामे होते. वाचायला बंदी, फिरायला बंदी. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि चांगल्या डोळ्याने ते बाटलीत बघत बसू लागले. भिंग उजव्या हातात. संध्याकाळ झाली, घरातले मोकळे डास नेहमीप्रमाणे आले, बाबांच्या गालावर बसले, चावले आणि गेले. बाबांचा हात हलला नाही. त्यात भिंग होतं, आणि बाबा कामात होते.

"बाबा, गालावर बसला होता," मी म्हणालो.

"असेल. तीन नंबर सकाळपासून खात नाहीये. सूनबाईंना बोलाव."

एकतीस वर्षांच्या हजेरीची सवय. त्यांनी पाचांना नंबर दिले होते, आणि कोण कुठला हे त्यांना कळायचं. एक नंबर सुस्त. दोन आणि पाच कायम जाळीपाशी. चार नंबरचा एक पाय कमी होता, पण त्याच्यात जिद्द होती, असं बाबांचं म्हणणं. आम्ही हात धरायचं काम बंद केलं. मेडिकलवाले काका बघायला आले आणि बाटलीत बराच वेळ डोकावून म्हणाले, "हे डास नाहीत असं मी म्हणणार नाही. पण हे इथले नाहीत."

सोमवारी नमुने मंजूर झाले. मला छापील पावती मिळाली: 'जिवंत डास, नग पाच.' मी ती घडी घालून खिशात ठेवतो आहे, तेवढ्यात बाईंनी दुसरा कागद पुढे केला. "नमुने ठेवायला आमच्याकडे सोय नाही. घराची तपासणी होईपर्यंत ते अर्जदाराच्या ताब्यात राहतात. पाचही हयात राहतील अशी काळजी घेईन, असं लिहून सही करा."

मी सही केली. त्याच संध्याकाळी तीन नंबर गेला.

बाबांनी जेवण अर्धं सोडलं. मला त्यांचं दुःख समजत होतं, पण माझं संकट वेगळं होतं. पावतीवर पाच, बाटलीत चार. बायकोने नळी उचलली, स्वयंपाकघरात गेली आणि दोन मिनिटांत एक घेऊन आली. "हा घ्या पाचवा."

"पण हा तो नाही," मी म्हणालो. "पावती झाल्यावर माल बदलणं, याला आमच्या खात्यात एक शब्द आहे आणि त्या शब्दाला शिक्षा आहे."

"डासांवर सही आहे का तुमची?"

नव्हती. नवा डास आत गेला. बाबांनी त्याला सहा नंबर दिला. तीन नंबर दुसऱ्याला द्यायला ते तयार झाले नाहीत.

गुरुवारी दुपारी निरीक्षक आले. किडकिडीत, चष्मेवाले, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा डाव. आपल्या कामावर प्रेम असलेला माणूस लांबून ओळखू येतो, तसे ते ओळखू आले. मेडिकलवाले काका त्यांच्या मागोमाग वर आले होते. निरीक्षकांनी आधी बाटली पाहिली, डास मोजले, पावती तपासली. मग घर तपासायला घेतलं. न्हाणीघर, बादल्या, कुंड्यांच्या बशा, माळ्यावरची टाकी. कुठे काही सापडेना. माझी मान हळूहळू ताठ होत होती. आमचं घर स्वच्छ आहे असं मी सुचवू लागलो होतो, आणि बोट खालच्या मजल्याच्या दिशेने थोडंसं वळलंही होतं.

"फ्रिज पुढे ओढा," निरीक्षक म्हणाले.

फ्रिजच्या मागे, खाली, एक पसरट ट्रे असतो. आतलं वितळलेलं पाणी त्यात साठतं. हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं तो फ्रिज माझ्या घरात होता आणि आमचा एवढाच परिचय होता, की मी दार उघडायचो आणि तो दिवा लावायचा. निरीक्षकांनी ट्रेवर टॉर्च मारली. आम्ही चौघं वाकून बघू लागलो. बाबांना बायकोने पुन्हा सरळ केलं. पाण्यात बारीक बारीक अळ्या अंग झटकत, आनंदाने पोहत होत्या.

"मागे मोटर असते," निरीक्षक सांगू लागले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पाणी कोमट राहतं. बाहेर कितीही थंडी असो, यांना कायम उन्हाळा."

"मी म्हटलंच होतं," मेडिकलवाले काका म्हणाले. त्यांनी म्हटलेलं नव्हतं.

निरीक्षक खुर्चीत बसून लिहू लागले. "अर्जदाराच्या स्वतःच्या घरात डासांची उत्पत्ती आढळली. ही एक नोटीस. दुसरं, अर्जदाराने पूर्ण वाढीचे पाच डास उबदार जागी ठेवून त्यांचं संगोपन चालवलं आहे."

"साहेब, संगोपन कसलं?" माझा आवाज चढला. "तुमच्याच खिडकीने ते ताब्यात ठेवायला सांगितलेत. ही बघा सही."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "ताब्यात ठेवायला सांगितलंय, बरोबर. साखर घालायला कुणी सांगितलं?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. त्याच वेळी स्वयंपाकघरातून एक डास आला, खोलीत सावकाश एक फेरी मारून निरीक्षकांच्या डाव्या गालावर उतरला. ते लिहिण्यात गढले होते. बाबा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते, आणि भिंग स्टुलावर राहिलं होतं.

मी "बाबा" म्हणेपर्यंत आवाज झाला.

 निरीक्षकांचा चष्मा एका कानावर लोंबत होता. बाबा स्वतःच्या हाताकडे बघत होते. "मी पाठवला नाही हो," ते म्हणाले. बायको धावली ती बाबांच्या डोळ्याकडे. वाटी जागच्या जागी होती. डोकं तसूभरही हललं नव्हतं. हिसका सगळा निरीक्षकांना बसला होता.

निरीक्षकांनी चष्मा नीट केला. गालावरून दोन बोटांनी काहीतरी उचललं, ते तळहातावर ठेवलं, स्टुलावरचं भिंग घेऊन निरखलं. मग बाटलीतले डास पुन्हा मोजले. पाच. त्यांनी घड्याळात पाहून वेळ टिपली आणि लिहिलं, मोठ्याने उच्चारत, "ताब्यातील नमुन्यांव्यतिरिक्त एक डास प्रत्यक्ष हजर आढळला. तक्रारीत तथ्य आहे." मग बाबांकडे वळून म्हणाले, "आमच्या शाळेतही एक सर होते असे." त्यांच्या स्वरात तक्रार होती की आठवण, ते मला अजून कळलेलं नाही.

अशा रीतीने माझी तक्रार खरी ठरली, आणि मी दोषीही ठरलो, एकाच कागदावर. संगोपनाची नोटीस मात्र त्यांनी फाडली आणि तिच्या जागी एक साधी सूचना लिहिली: नमुने नष्ट करून पुढच्या शुक्रवारपर्यंत अहवाल द्यावा.

ट्रे बायकोने त्याच दुपारी ओतून घासून टाकला. त्याला दोन मिनिटं लागली. चार दिवसांत घरातले मोकळे डास संपले. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या डोळ्यावरची वाटी काढली, तपासलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. "उत्तम," त्या म्हणाल्या. "हात सांभाळलात तुम्ही."

राहिली होती बाटली. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं ती घेऊन गॅलरीत गेलो. मारायचं कुणी, हा विषय आदल्या दिवशीच निघाला होता आणि कुणीच पुढे आलं नव्हतं. सोडून दिले की घरातून नष्टच झाले, असा अर्थ मी लावला. दावे विभागात अर्थ लावता येतो. बायकोने गॅलरीचं दार डास परत आत जायला नकोत म्हणून घट्ट ओढून घेतलं. मी कापड सोडलं. बाहेर धुकं होतं, कठडा बर्फासारखा गार.

पाचांतला एकही बाहेर आला नाही. बाटलीच्या तोंडापर्यंत दोन आणि पाच नंबर आले, हवा लागली तसे परत खाली गेले. बाबांनी बाटली हातात घेतली आणि नव्या डोळ्यासमोर धरली. भिंग न लावता ते पहिल्यांदाच बघत होते.

"किती बारीक आहेत रे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, चांगले दांडगे आहेत."

मी बाटली उपडी करून हलवावी म्हणून हात पुढे केला. बाबांनी ती दिली नाही. मी बायकोकडे पाहिलं. आता हिने काय ते सांगून टाकावं. कारण हे सगळं फक्त बाबांच्या डोळ्यासाठी आहे, असं तिनेच बजावलं होतं, डोळा आता बरा झाला होता, आणि उद्या शुक्रवार होता.

बायकोने बाबांच्या हातातून बाटली घेतली. कापड पुन्हा बांधलं, मोजा वर ओढला.

"फार गारठा आहे," ती म्हणाली. "जरा ऊन पडू दे, मग बघू."